साळवे म्हणतात

साळवेबाई गेल्याचा फोन मीच घेतला. सकाळची वेळ होती. आमचे हे एका गालाला साबण लावून आरशासमोर उभे होते. पलीकडून बाईंची नगरची भाची बोलत होती, "आत्या गेली हो, पहाटे... झोपेतच." मी न्हाणीघराच्या दाराशी जाऊन सांगितलं, साळवेबाई गेल्या. यांनी रेझर खाली ठेवला, तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले आणि रडले. गालावर साबण तसाच, आणि त्यातून पाणी ओघळतंय. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता, आलेल्या नातेवाइकांना चहा मिळाला की नाही ते बघत फिरत होता. मुलीच्या पाठवणीच्या वेळी सामानाच्या टेम्पोवाल्याशी भांडत होता. मी टॉवेल पुढे केला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी गेल्यावर हे एवढे रडतील का? गेलेल्या बाईचा हेवा करायचा म्हणजे शोभत नाही, कळतं मला. पण वाटला. वाटला त्याला काय करू?

त्याला आता काही आठवडे झाले. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी बाईंवर लिहून द्या, असं यांना सांगण्यात आलं होतं. हे दोन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले, मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तूच लिही. तुझं मराठी बरं आहे." तेव्हा हा लेख रूथ साळवे यांच्या मित्राने लिहिलेला नाही, मित्राच्या बायकोने लिहिलेला आहे, एवढं वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. कुठे जरा तिखट लागलं तर सांभाळून घ्यावं.

साळवे हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे मंत्रालयात, आणि यांच्या सेक्शनला बदलून आलेल्या साळवेबाई. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, लग्न न केलेल्या, नोकरीच्या बायकांच्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या. दिल्लीच्या ऑफिसात मराठी बोलणारं माणूस भेटलं याचं यांना अप्रूप, तिथवर ठीक होतं. पण थोड्याच दिवसांत जेवताना सुरू झालं, "साळवे म्हणतात, लोणचं कमी करा." मी लग्न झाल्यापासून सांगत होते, लोणचं कमी करा! माझ्या सांगण्यावर हे आणखी एक फोड वाढून घ्यायचे. साळवे एकदा म्हणाल्या आणि यांनी लोणच्याची बरणी स्वतःच्या हाताने टेबलावरून उचलून फळीवर ठेवली. मग "साळवे म्हणतात, जेवून लगेच आडवं होऊ नये." मग "साळवे म्हणतात, बसस्टॉपपर्यंत चालत जावं." आमची मुलगी तेव्हा शाळेत होती, ती वडिलांची नक्कल करायची, "आई, साळवे म्हणतात आज गणित नको." सगळे हसायचे. मीही हसायची आणि कणीक जरा जास्तच जोरात मळायची.

कुणाचा गैरसमज नको म्हणून सांगते, मला तसला काही संशय कधी आला नाही. आमचे हे तसल्या भानगडी करण्याइतके हुशार नाहीत. मला हेवा होता तो त्यांच्या शब्दाचा. मी दहादा सांगितलेली गोष्ट या माणसाच्या कानावरून जायची आणि त्या बाईंनी एकदा सांगितलेली आत जाऊन बसायची. असं काय होतं त्यांच्या बोलण्यात? मी ते ऐकलेलंही नव्हतं, आणि न ऐकताच मला त्या आवाजाचा राग होता.

मग यांना ब्लडप्रेशर निघालं. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी घ्यायला सांगितली. त्या औषधाच्या जातीला कॅल्शियम चॅनल ब्लॉकर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं आणि यांनी घरी येऊन जाहीर केलं की आपल्याला कॅल्शियम कमी पडतंय. दर महिन्याला रांगेत उभं राहून गोळ्या मी आणायची. रोज सकाळी चहाच्या बशीत ठेवायची. हे "घेतो, घेतो" म्हणायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. मला पत्ता लागला तो कपडे धुताना. खिशाखिशात पांढरा भुगा. विचारलं तर म्हणाले, "मला काही होत नाहीये, उगाच कशाला औषधं? म्हातारा झालो का मी?" ब्लडप्रेशरचं हेच वाईट, काही होत नसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो. मी समजावलं, रुसले, चार दिवस बोलणं टाकलं. शेवटी एक दिवस इतकी भडकले की बशी आपटून फोडली आणि मोठ्याने रडले. शेजारच्या सरदारणीने खिडकीतून विचारलं, "सब ठीक है जी?" त्या दिवसापासून मात्र हे माझ्या डोळ्यांदेखत गोळी गिळायला लागले. मी जिंकले असं मला वाटलं. फार बरं वाटलं होतं तेव्हा.

यांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आठ-दहा जण टेबलं जोडून डबे उघडायचे. कुणाचा राजमा, कुणाची भेंडी, सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं, दिल्लीच्या ऑफिसांची ही रीतच. त्या टेबलावर प्रेशरवाले चार-पाच जण झाले तेव्हा जेवण झाल्यावर गोळ्याही तशाच निघायला लागल्या. कुणी घरी विसरलं तर शेजारचा आपल्या पाकिटातली काढून द्यायचा, "अरे यार, मेरी ले ले, सेम ही तो है." मिरची द्यावी तशी गोळी द्यायचे. शिकलेसवरलेले सरकारी नोकर सगळे! फाइलवर शेरा मारायला तीन दिवस विचार करायचे आणि गोळी मात्र अशी. साळवेबाईंना प्रेशर होतंच. यांनी त्यांना पूर्वी कधीतरी हसत हसत सांगितलं होतं की बायको गोळी देते पण मी खिशात टाकतो. झालं, बाईंनी मनावर घेतलं. त्या रोज जेवणानंतर आपल्या पाकिटातली एक गोळी काढून यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पाटणकर, गोळी." एवढंच. आणि हे घ्यायचे.

पुढे घरी मी बशी फोडली, घरचीही गोळी पोटात जायला लागली, पण ते या भल्या माणसाने तिकडे सांगितलंच नाही. सकाळी माझी आणि दुपारी साळव्यांची, दोन्ही सुरू! मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

मुलीच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायला आम्ही करोल बागेत गेलो होतो. दुकानदाराने गादीवर बसवलं, ढीग उघडला. हे तासभर मांडी घालून बसलेले, उठले आणि एकदम झोकांडी गेली. दुकानातल्या खांबाला धरलं म्हणून वाचले. दुकानदार घाबरून म्हणाला, "भाईसाब, रेट कम कर देंगे, आप बैठो तो." तेव्हा मलाही हसू आलं. घरी आल्यावर बघते तो पायांना सूज, घोट्यापाशी बोट दाबलं तर खळगा राहत होता. मी म्हटलं उन्हाने असेल, चालण्याने असेल. मीठ आणखी कमी केलं, पायाखाली उशी दिली. सूज वाढतच गेली. बूट चढेनात, तेव्हा हे चपला घालून ऑफिसात गेले.

त्याच रविवारी दाराची घंटा वाजली. दारात एक उंच, सावळ्या, रुंद हाडाच्या बाई. साधी सुती साडी, गळ्यात दोरीला चष्मा, घामाने डबडबलेल्या. "वहिनी ना? मी साळवे." मी इतकी वर्षं मनात जी कुणी रंगवली होती ती ही नव्हेच. आवाजही काही खास नव्हता, जरा जाडाच. मला थोडी निराशाच झाली. हेवा करायचा तर निदान करण्यासारखं काही तरी असावं!

त्यांनी पाणीही नीट घेतलं नाही. म्हणाल्या, "वहिनी, यांचे पाय बघितलेत? मी शुक्रवारी बघितले आणि मला झोप नाही. घरी काय औषध देता तुम्ही?"

"डिस्पेन्सरीतून येते ती. रोज सकाळी. माझ्यासमोर घेतात," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"रोज?" बाईंचा चेहरा उतरला. "रोज घेतात घरी?"

मी आतून गोळ्या आणून दिल्या. त्यांनी पर्समधून आपलं पाकीट काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. नावं वेगळी, एक गोळी पांढरी, दुसरी गुलाबी. मग त्यांनी चष्मा लावला, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं, बोट ठेवून मला दाखवलं. मोठ्या नावाखाली दोन्हींवर औषधाचं मूळ नाव एकच होतं. बाई खुर्चीत बसल्या. हे तिथेच उभे होते, शाळेत पकडलेल्या पोरासारखे.

"पाटणकर, तुम्ही घरी घेत होता तर मला सांगितलं का नाही?"

"मला वाटलं ती वेगळी," हे म्हणाले. "ही प्रेशरची, आणि ती... तुमची."

"आणि नाही म्हणता येत नव्हतं?"

हे जे बोलले ते मी आजवर विसरलेली नाही. म्हणाले, "तुम्ही इतक्या आपुलकीने झाकणावर काढून ठेवता, नाही कसं म्हणायचं?"

म्हणजे मी बशी फोडायची, रडायचं, शेजारणीला तमाशा दाखवायचा, तेव्हा कुठे गोळी घशाखाली. आणि त्यांनी नुसती झाकणावर ठेवायची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंना ते कळलं असावं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझी चूक झाली, वहिनी. एकाच्या नावाने लिहिलेली गोळी दुसऱ्याला द्यायची नसते. मी समजायला पाहिजे होतं." खरं सांगते, यांच्या पायांची काळजी एकीकडे आणि त्या वाक्याचा आनंद एकीकडे. साळवे चुकल्या! साळवे म्हणतात तेही चुकतं! मी चहा टाकला आणि त्यात वेलची घातली, इतका आनंद झाला मला.

त्याच संध्याकाळी बाईंनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटं घेऊन आम्ही तिघं डिस्पेन्सरीत. डॉक्टर म्हणाले, "ये दो दवाएँ नहीं हैं, एक ही है. डबल खा रहे थे आप." एक बंद करायला सांगितली, दुसरी तशीच चालू ठेवायची, बसलेलं उठताना सावकाश उठायचं, आणि सूज राहिली किंवा धाप लागली तर लगेच येऊन सांगायचं. तिथून बाहेर पडताना यांनी नवंच काढलं, "सूज या गोळीनेच आली ना? मग आता दोन्ही बंद." मी घाबरले. म्हटलं, अहो, डॉक्टरांनी आत्ता काय सांगितलं? आपल्या मनाने बंद केली तर प्रेशर पुन्हा चढेल, मग काय करायचं? यांनी मान फिरवली. मी पुन्हा सांगितलं, पोरीची शपथ घातली. यांचं एकच, "बघू." फाटकाशी आल्यावर साळवेबाई म्हणाल्या, "पाटणकर, गोळी बंद नाही हं करायची." आणि हे म्हणाले, "नाही, नाही. बंद कशी करेन?"

वेलचीचा चहा वायाच गेला म्हणायचा. पायांची सूज काही दिवसांत उतरली, बूट चढायला लागले, पुन्हा कधी तसं झालं नाही. गोळी घरीच घ्यायची, माझ्या हातून, हे बाईंनीच ठरवून दिलं. पण झाकणापाशी त्यांचं विचारणं काही थांबलं नाही. आता त्या म्हणायच्या, "पाटणकर, घरची घेतली?" घरची! माझी गोळीसुद्धा त्यांच्या हजेरीपटावर गेली होती.

निवृत्तीनंतर आम्ही नोएडात फ्लॅट घेतला आणि बाईंनी मयूर विहारमध्ये, दोन खोल्यांचा. दर रविवारी त्यांचा यांना फोन यायचा. एकदा आमच्या सोसायटीतल्या कुणी तरी आपल्या गावच्या झाडाचा चकोतरा आणून दिला. चकोतरा म्हणजे आपलं पपनस. मी हरखले, कितीतरी वर्षांनी पपनस! साल काढलं, फोडी मोकळ्या केल्या, तिखटमीठ आणि चिमूटभर साखर लावून वाटी यांच्या पुढे ठेवली. यांनी एक फोड उचलली, थांबले, आणि साळव्यांना फोन लावला. माझ्या हातचं पपनस खायला साळव्यांची परवानगी! पलीकडून बाई म्हणाल्या की ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीची फळं प्रेशरच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाहीत, औषध अंगात जास्त चढतं. तुमच्या गोळीला कितपत ते डॉक्टरांना विचारा, तोवर नको. यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मी अख्खं पपनस एकटीने खाल्लं, यांच्या समोर बसून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरही म्हणाले की टाळलेलं बरं. त्या बाईंचं बरोबर निघायचं याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

बाई अधूनमधून घरीही यायच्या, पर्समध्ये प्रेशरचं मशीन घेऊन. अशाच एकदा आल्या होत्या. हे बाल्कनीत कूलरची मोटर उघडून बसले होते. मी चहा करत होते आणि त्या ओट्याशी उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "वहिनी, तुमचं कोण बघतं?"

"माझं काय?"

"प्रेशर."

"मला कशाला हवंय? मी इतरांचं वाढवते, विचारा यांना."

त्या हसल्या नाहीत. गॅस बारीक केला, मला स्टुलावर बसवलं, थोडा वेळ गप्प बसू दिलं आणि दंडाला पट्टा बांधला. माझ्या आयुष्यात तोवर मला असं कुणी बसवलं नव्हतं. आकडा बघून त्यांनी पुन्हा घेतलं. मग म्हणाल्या, एका दिवसाचं खरं धरू नये, पण तुम्ही डॉक्टरांकडे जायचं. सकाळी डोकं दुखायचं ते मी यांच्या खात्यावर टाकत होते, ते माझंच होतं कदाचित. डॉक्टरांनी दोन-तीनदा मोजून मलाही गोळी लिहून दिली, यांचीच. मी यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते, म्हणाले, "अच्छा? आंबट कमी खा." आणि पान उलटलं. पुढे माझी गोळी स्वयंपाकघरातल्या डब्यात असायची, आणि यांचा समज असा की गुडघ्यांसाठी काही तरी कॅल्शियम घेते.

साळवेबाई मात्र विसरल्या नाहीत. हे सकाळी फिरायला आणि येताना दूध आणायला जातात, त्या वेळी मला त्यांचा फोन यायला लागला. रोज. "वहिनी, घेतली?" पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, आता ही बाई माझ्यावरही हुकूम चालवणार! आणि म्हटलं, "हो, घेते." आणि घेतली. तेव्हा मला कळलं हे का घ्यायचे ते. त्या सांगत नव्हत्याच मुळी. विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. मी एकदा म्हटलं, "काल राहिलीच हो, आज दोन घेऊ का?" म्हणाल्या, "अजिबात नाही. राहिली ती राहिली, आजची आज घ्या." मी म्हटलं, घोटे जड वाटतात. लगेच, "आजच डॉक्टरांना सांगा, वहिनी. आपल्या मनाने काही करू नका." हळूहळू गोळीवरून बोलणं पुढे जायला लागलं. झोप लागली का, गुडघा कसा आहे, मुलीचा फोन आला का. आता आता मी चहा समोर ठेवून फोनची वाट बघायची. हे घरी यायच्या आत बोलून घ्यायची. यांना मी काही सांगितलं नाही. रविवारचा फोन यांचा होता, ते मोठ्या ऐटीत स्पीकरवर लावून बोलायचे. रोजचा माझा होता. त्या एका गोष्टीत मी यांच्या पुढे होते आणि ते मला कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात आवाज खोल गेला होता त्यांचा. मी विचारलं तर म्हणाल्या, "वय झालं, वहिनी." पण गोळीचं विचारलंच.

त्या गेल्यावर यांनी गोळी घेणं सोडलं. दुःख म्हणून सोडलं की हट्ट म्हणून, देव जाणे. मी बशीत ठेवायची, हे बशी बाजूला करायचे. "आता काय करायचंय?" मी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. बशी फोडायचं वय राहिलं नाही. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नसायचा, न्हाणीघरात जरा वेळ लागला तरी दाराशी जाऊन हाक मारायची. वाटायचं, त्या होत्या तोवर हा माणूस त्यांचा होता, आता त्या नेतात की काय याला बरोबर!

त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये प्रार्थनासभा होती. मी यांना जवळजवळ ओढतच नेलं. मराठीत एक गाणं झालं, हिंदीत एक झालं. मग जो तो उठून बोलायला लागला. हॉस्टेलमध्ये त्यांच्या खोलीत राहिलेल्या एक केरळी बाई हिंदीत म्हणाल्या, "रूथ का फोन रोज़ आता था. सुबह प्रार्थना के बाद सीधे मुझे. पूछती थी, दवा ली?" मी ताठ झाले. प्रार्थनेनंतर सरळ, म्हणजे माझ्याआधी. मग खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे उठले, त्यांनाही रोज फोन यायचा. यांच्या ऑफिसातला एक जण, त्यालाही! मला वाटत होतं तो फोन माझा आहे... आणि तिथे तर रांग लागली होती. शेजारच्या बाईने सहज विचारलं, "तुम्ही पाटणकरांच्या मिसेस ना? त्यांची मैत्रीण होती ना रूथताई?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने, "मलाही करायच्या. रोज."

यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन यांनी बूट काढले, जागच्या जागी ठेवले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "रोज?"

"रोज."

"मला तर फक्त रविवारी करायच्या."

"माहीत आहे मला."

यांचा चेहरा मी बघत होते. इतकी वर्षं माझ्या चेहऱ्यावर जे असेल ते आता त्या चेहऱ्यावर आलं होतं, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. हे येरझाऱ्या घालायला लागले. गॅलरीत गेले, परत आले.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"पुष्कळ दिवस."

"आणि काय म्हणायच्या? माझ्याबद्दल?"

मी आठवून पाहिलं. मनापासून आठवलं, कारण काही सापडलं असतं तर या वेळी दिलं असतं मी. रडताना पाहिलं होतं मी यांना. पण नव्हतंच काही.

"तुमच्याबद्दल काही नाही," मी म्हटलं. "माझ्याबद्दल विचारायच्या. प्रेशर किती आहे, झोप लागली का, गोळी घेतली का."

"कसली गोळी?"

"तुमचीच. मलाही प्रेशर आहे."

"तुला?" हे सोफ्यावर बसले. स्वयंपाकघरात माझ्या गोळ्यांचा तो डबा असतो तिकडे बघत राहिले. मग उठले. सकाळी बाजूला सारलेल्या बशीतली स्वतःची गोळी उचलली, पाण्याचा पेला घेतला, गिळली. पेला ठेवून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता काही तरी रागाचं बोलणार. हे म्हणाले, "तुझं किती असतं हल्ली?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदा विचारत होते. विचारून थांबलेही होते.

मी लगेच सांगितलं नाही.